पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच वेळी जास्त दाखवतात. सेंडर बदलूनही फरक नाही

प्रश्न

माझी जुनी गाडी १९६८ सालची आहे. बॅटरी १२ व्होल्टची असून तिचे ऋण टोक चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेले आहे. डॅशबोर्ड काढून, रंगवून पुन्हा बसवल्यापासून पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे वाजवीपेक्षा जास्त दाखवू लागले आहेत. टाकी भरली की पेट्रोलचा काटा भरल्याच्या खुणेच्याही पुढे जातो, आणि गेल्या आठवड्यात तर तो पाव टाकी दाखवत असतानाच पेट्रोल संपून गाडी बंद पडली. तापमानाचा काटा दहा मिनिटांत लाल पट्ट्याला टेकतो. परंतु थर्मोस्टॅटजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरला असता ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा मिळतो, पाणी उकळत नाही आणि कमीही होत नाही. इंजिन खरोखरच तापत असेल या भीतीने मी तापमानाचा सेंडर (काट्याला विजेचा संकेत पाठवणारा भाग) नवा बसवला, पण काही उपयोग झाला नाही. आता टाकीतला सेंडरही बदलावा का?

प्रतिसाद १

टाकीतल्या सेंडरला तूर्त हात लावू नका. एक सेंडर इंजिनावर, दुसरा टाकीत. हे दोन्ही एकाच वेळी आणि एकाच दिशेने बिघडण्याची शक्यता फारच थोडी आहे, म्हणून दोन्ही काट्यांमध्ये सामाईक काय आहे ते आधी पाहावे. इग्निशन चालू केल्यावर आपले काटे सावकाश, काही सेकंद घेत वर चढत असतील, तर ते द्विधातू पट्टीचे गेज (तापल्यावर वाकणाऱ्या, दोन धातूंच्या पट्टीने काटा सरकवणारे मापक) आहेत आणि त्यांना वीजपुरवठा करणारा एक लहानसा व्होल्टेज स्टॅबिलायझर डॅशबोर्डच्या मागे असणार. काटे झटक्यात उसळत असतील तर गेज वेगळ्या प्रकारचे आहेत आणि माझे पुढचे म्हणणे त्यांना लागू होत नाही.

या स्टॅबिलायझरच्या आतही एक द्विधातू पट्टी असते. तिच्यावर गुंडाळलेली तार तापली की पट्टी वाकते, संपर्क सुटतो, तार थंड होते आणि संपर्क पुन्हा जुळतो. अशा उघडझापीतून गेजना सरासरी सुमारे १० व्होल्ट मिळतात (काही अमेरिकन गाड्यांत ही सरासरी ५ व्होल्टच्या आसपास असते). त्या तारेचे दुसरे टोक स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या डबीतून चासीला जाते. डबीखाली रंगाचा थर आला आणि अर्थ (चासीशी असलेली विजेची जोडणी) तुटला, तर तार तापतच नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि गेजना बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळतो. चार्जिंग चालू असताना हा दाब १४ व्होल्टपर्यंत जातो, आणि तारेतली उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे गेजमध्ये जवळजवळ दुप्पट उष्णता निर्माण होते. आपण सांगितलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. डबीपासून चासीच्या उघड्या धातूपर्यंत एक तार तात्पुरती जोडून पाहा. मिनिटभरात काटे खाली आले तर दोष सापडला.

प्रतिसाद २

वरील निदान मला पटते. मोजमापाबद्दल थोडी भर घालतो. स्टॅबिलायझरच्या बाहेर येणाऱ्या टोकावर डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडे सतत उड्या मारतील आणि त्यांतून काहीच बोध होणार नाही. तिथे साधा टेस्ट लॅम्प लावावा: तो लुकलुकला तर स्टॅबिलायझर काम करतो आहे, अखंड पेटलेला राहिला तर नाही.

स्टॅबिलायझर निकामीच निघाला तर त्याच्या जागी १० व्होल्टचा ७८१० हा आयसी (स्थिर व्होल्टेज देणारा इलेक्ट्रॉनिक घटक) बसवता येतो. मात्र तो ऋण अर्थच्या गाडीलाच चालतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत धन टोक चासीला जोडलेले असते आणि तिथे ७९१० लागतो. मूळ द्विधातू स्टॅबिलायझरला या उलटसुलटीचा फरक पडत नाही, म्हणूनच बदल करताना ही चूक सहज होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डबीच्या स्क्रूखाली खरोखरच नव्या रंगाचा जाड थर होता. तो खरवडल्यावर तापमानाचा काटा मधोमध येऊन स्थिरावला. परंतु आता टाकी पूर्ण भरलेली असताना पेट्रोलचा काटा पाऊणच्या वर जात नाही. स्टॅबिलायझर बिघडला असे समजावे का?

प्रतिसाद ३

तसे असते तर तापमानाचा काटाही खाली बसला असता. हा दुसरा, आधीपासूनचाच दोष आहे, आणि वाढीव दाबामुळे तो आतापर्यंत झाकला गेला होता. आपल्या गाडीच्या काळातील बहुतेक सेंडरमध्ये टाकी भरत जाते तसा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होतो, त्यामुळे मार्गात कुठेही जादा रोध आला की काटा कमी दाखवतो. सेंडरच्या कड्यापासून चासीपर्यंतचा रोध मोजा. तो शून्याच्या जवळ हवा. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली असेल तर अर्थसाठी स्वतंत्र तार असते, आणि तिचे टोक गंजलेले असणे अगदी नेहमीचे आहे. तिथे काम करण्यापूर्वी बॅटरीचे टोक न विसरता सोडवा, कारण पेट्रोलच्या वाफेजवळ एखादी ठिणगीही जीवघेणी ठरू शकते. अर्थ चांगला निघाला तरच सेंडर बाहेर काढा आणि फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) कानाजवळ हलवून पाहा; आत पेट्रोल शिरले असेल तर ते डुचमळल्याचा आवाज येतो.

प्रश्नकर्ता

अर्थच्या तारेचे टोक हिरवे पडले होते आणि रोध १८ ओहम भरला. नवी तार टाकल्यावर काटा भरल्याच्या खुणेवर आला. टाकी रिकामी होत आली की ५-५ लिटर मोजून ओतणार आहे आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो याची नोंद ठेवणार आहे. पाव टाकीच्या खुणेवर मला अजून विश्वास ठेवावासा वाटत नाही.