नेपाळ पाणी सोडतं म्हणून बिहार बुडतो, हे खरं आहे का?

भटक्या: दरवर्षी न्यूजमध्ये तेच, नेपाळने पाणी सोडलं आणि बिहार बुडाला. २०१७ ला तर भारत, नेपाळ, बांगलादेश मिळून हजारावर माणसं गेली. मग आधीच थोडं थोडं पाणी का सोडत नाहीत?

गाळपेर: अहो सोडायला साठवलेलं पाणी तर पाहिजे ना. नेपाळमधून बिहारमध्ये येणाऱ्या कोसी नदीवर आहे तो बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, धरण नाही, ५६ दरवाजे आहेत पण मागे मोठा साठाच नाही, वरून जेवढं येतं तेवढं खाली जाऊ द्यावं लागतं. आणि गंमत म्हणजे बराज नेपाळच्या हद्दीत असला तरी १९५४ च्या करारानुसार चालवतं बिहारचं जलसंपदा खातं! सप्टेंबर २०२४ मध्ये तिथून ६.६१ लाख क्युसेक पाणी गेलं, कोण अडवणार ते?

रानवारा: +१. खरी गोची गाळाची आहे. हिमालयातून येणारा गाळ नदीच्या दोन्ही काठांवरच्या बांधांच्या मधेच साचतो, नदीचा तळ वर वर येत जातो आणि शेवटी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहायला लागते, मग बांध फुटला की संपलंच. २००८ ला नेपाळमधल्या कुसहाला बांध फुटला तेव्हा पाणी बराजच्या क्षमतेपेक्षा बरंच कमी होतं, तरी नदी जुन्या पात्रात घुसली आणि लाखो लोक बेघर झाले.

भटक्या: बापरे, म्हणजे बांध आणखी उंच करून काही होणार नाही?

गाळपेर: तेच तर चाललंय वर्षानुवर्षं. आणि बांधांच्या आतल्या गावांचं कोणी विचारतच नाही, ती तर दरवर्षी पाण्यात.