सेकंडहँड टायकॅन ४एस पुण्यात रोजच्या वापराला घ्यावी का?

भोसरी_टर्निंग

नमस्कार मंडळी. २०२२ ची पोर्शे टायकॅन ४एस ही इलेक्ट्रिक गाडी बघून आलोय. मोठी बॅटरी (परफॉर्मन्स बॅटरी प्लस), एकच मालक, रनिंग कमी, रंग पांढरा. भारतात नोव्हेंबर २०२१ ला आली तेव्हा साधी टायकॅनच दीड कोटी एक्स-शोरूमपासून सुरू होती, ४एस त्याच्याही वर, आणि आता हा माणूस जे सांगतोय त्यात नवीन जर्मन डिझेल एसयूव्ही येते, म्हणून डोक्यातून जातच नाहीये. टेस्ट ड्राइव्ह घेतली, स्पोर्ट मोडला जरा दाबली आणि शेजारी बसलेला माझा भाचा एकदम गप्पच झाला. ५७१ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) काय असतात ते कागदावर वाचून कळत नाही.

पण मला ही गाडी कव्हर घालून ठेवायची नाही, रोज वापरायची आहे. पिंपळे सौदागरला फ्लॅट, स्टिल्ट पार्किंग स्वतःचं. भोसरीला वर्कशॉप, म्हणजे रोजचं अंतर किरकोळ. महिन्यातून दोन-तीनदा मुंबई, गावाकडे कोल्हापूर, वर्षातून एकदा सगळे मिळून गोवा. घरात आई-बाबा सत्तरीपुढचे. यूट्यूबवर सगळे लाँच कंट्रोलच (उभ्या गाडीतून एकदम जोरात सुटणं) दाखवतात, सोसायटीचा स्पीड ब्रेकर कोणी दाखवत नाही. ज्यांनी अशी गाडी खरंच वापरली आहे त्यांनी सांगा, रोज जगायला कशी आहे? चार्जिंग, घाट, खड्डे, टायर, सर्व्हिस, पुढे विकताना काय होईल, सगळंच.

घोडबंदरकर

दादा, आधी अभिनंदन, कारण नजर चांगल्या गाडीवर गेलीय. माझ्याकडे टायकॅनच आहे, ठाण्यात, रोज वापरतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा पार्किंगमधल्या लाइटचा. रेंज वगैरे नंतर. घरी चार्जर असेल तर या गाडीसारखं सुख नाही आणि नसेल तर घेऊच नका, एवढं स्पष्ट सांगतो. गाडीतला एसी चार्जर ११ किलोवॅटचा, पण तो थ्री फेजवर. मोठ्या बॅटरीत वापरता येतात ८३.७ युनिट, म्हणजे ११ किलोवॅटने रिकामी ते फुल साधारण नऊ तास. घरात सिंगल फेज असेल तर सातच्या आसपास मिळेल, तेही रात्रभरात रोजच्या वापराला भरपूर. मात्र १५ अँपियरच्या साध्या प्लगवर रिकामी गाडी लावली तर पूर्ण दिवस उलटून जातो, तो हिशेब धरूच नका.

तर टोकन द्यायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार, डक्टमध्ये जागा आहे का, सँक्शन लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला भार) किती आहे, हे आपल्या खात्रीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन डोळ्यांनी बघा. माझ्याकडे आर्मर्ड केबल, वेगळी अर्थिंग, आरसीसीबी (वीज गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) असं सगळं नीट करून घेतलं, कमिटीला ड्रॉइंग काढून दाखवलं तेव्हा कुठे एनओसी मिळाली. कमिटीतल्या काकांची भीती आगीची असते आणि ती भीती खोटी नाही, जुन्या वायरिंगवर रात्रभर ३० अँपियर ओढले तर वायर तापतेच. त्यांच्याशी वाद घालू नका, कागद दाखवा. आणि चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन, वेगळं मीटर घ्या, कारण घरच्या मीटरवर महिन्याला ५०० युनिटच्या वर गेलात की वरचा स्लॅब चांगलाच महाग पडतो, ईव्हीचा टॅरिफ वेगळा आहे.

मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, एक्सप्रेसवेला शंभरची लिमिट धरून चाललं तर १०० किलोमीटरला २० ते २२ युनिट लागतात, एका बाजूला ३२ युनिट समजा, घरच्या दराने तीनशेच्या आसपास. एका चार्जमध्ये जाऊन परत येता येतं, चार्जर शोधायची गरज नाही.

घाटाचं सांगतो कारण मला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो. खोपोलीवरून खंडाळ्याला चढताना उंची साधारण ५०० मीटर वाढते, सव्वादोन टनाच्या वर वजन असलेल्या गाडीला नुसत्या उंचीचेच ३ युनिट लागतात, आणि उतरताना त्यातले बरेचसे परत येतात. या गाडीत पाय उचलला की ती टेस्लासारखी थांबत नाही, मोकळी वाहत राहते, रिजनरेशन (मोटरने वेग कमी करत बॅटरी परत भरणं) होतं ते ब्रेक पेडल दाबल्यावर, २६५ किलोवॅटपर्यंत. रोजच्या वापरातलं ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करते. पायाला कळतच नाही मोटर कुठे संपली आणि डिस्क-पॅड कुठे सुरू झाले. मी बऱ्याच इलेक्ट्रिक चालवल्या, असा ब्रेक दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही. फक्त लोणावळ्याला थांबून १०० टक्के भरून लगेच घाट उतरायला लागू नका, भरलेल्या बॅटरीत परत भरायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

सोलापूरकर_स्टुटगार्ट

मी स्टुटगार्टला राहतो, झुफेनहाउझन इथून जवळच, जिथे ही गाडी बनते. गाडीच्या क्षेत्रातच काम आहे म्हणून थोडं आतलं सांगतो.

टायकॅनची खरी गोष्ट बॅटरीचं ८०० व्होल्ट. २०१९ ला आली तेव्हा बाकी सगळे ४०० वर होते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा, केबल बारीक, उष्णता कमी. म्हणूनच लागोपाठ जोरात पळवली तरी ही गाडी लवकर दमत नाही, जे त्या वेळच्या बऱ्याच फास्ट ईव्हींचं व्हायचं. मागच्या अ‍ॅक्सलला दोन गिअर आहेत, पहिला उडी मारायला, दुसरा हायवेला, नॉर्मल मोडमध्ये ती बहुतेक दुसऱ्यावरच निघते, स्पोर्टला टाकली की खालचा गिअर कामाला येतो.

पण भारतात एक लक्षात घ्या. कागदावर २७० किलोवॅट आणि ५ ते ८० टक्के साडेबावीस मिनिटांत लिहिलंय, ते तेवढा मोठा ८०० व्होल्टचा चार्जर आणि बॅटरी योग्य तापमानाला असेल तरच. चार्जर ४०० व्होल्टचा असेल तर गाडीतला बूस्टर व्होल्टेज वाढवतो आणि तो स्टँडर्ड गाडीत ५० किलोवॅटचाच असतो, १५० चा ऑप्शन होता. ही गाडी ज्याने ऑर्डर केली त्याने तो घेतलाय का ते ऑप्शन लिस्टमध्ये बघा. आणि चार्जिंगला जाताना गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये चार्जर टाकून जा, मग ती वाटेतच बॅटरी तयार करत जाते. इकडे जानेवारीत उणे तापमानात हे नाही केलं तर चार्जिंग रडतखडत होतं, तुमच्याकडे थंडीचा प्रश्न नाही ही मोठी जमेची बाजू.

रेंजसाठीही तुमचीच परिस्थिती बरी. इकडे ऑटोबानवर १६०-१७० ने गेलं की रेंज डोळ्यांदेखत उतरते, गाडीचा ड्रॅग कोएफिशंट (हवा कापायचा आकडा, जितका कमी तितका बरा) ०.२२ असला तरी हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरच्या लिमिटला ४०० किलोमीटर धरायला हरकत नाही.

बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. म्हणजे तुमच्या गाडीची २०३० पर्यंत. या बॅटरीत ३३ मॉड्यूल आहेत, प्रत्येकात १२ सेल, एखादं खराब झालं तर तेवढंच बदलता येतं, अख्खी बॅटरी टाकावी लागत नाही. ही रचनाच दुरुस्तीचा विचार करून केलेली आहे आणि सेकंडहँड घेणाऱ्याने याला महत्त्व द्यावं असं मला मनापासून वाटतं.

करवीर_ईव्ही

राम राम. मी कोल्हापूरचा, माझ्याकडे ऑडी ई-ट्रॉन जीटी आहे, म्हणजे टायकॅनची सख्खी बहीण, प्लॅटफॉर्म एकच. वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी रस्त्याचं सांगतो कारण माझं सगळं आयुष्य त्या पुणे-कोल्हापूर हायवेवर चाललंय.

ग्राउंड क्लिअरन्स सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, एअर सस्पेन्शनने वर घेतली की अजून २० मिळतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने स्पीड ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, तसा असला तर ही गाडी आरामात जाते. अडचण येते ती गावागावांतल्या आणि सोसायट्यांतल्या त्या अरुंद उभ्या डांबराच्या वळकट्यांची. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २९०० मिलिमीटर, त्यामुळे पुढची चाकं उतरली आणि मागची अजून चढायचीत अशा वेळी पोट घासतं, आणि पोटालाच बॅटरी आहे. मी तिरकी घेतो, एक-एक चाक चढवून, मागचा हॉर्न वाजवेना का. पाठीमागे तिघं आणि डिकीत सामान असलं की अजून जपून. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाची डायव्हर्जन लागतात तिथे तर माणसं चालतात त्या वेगाने काढायची.

टायर. ४एसला कंपनीतून १९ इंची येतात, पुढे २२५/५५, मागे २७५/४५. बऱ्याच लोकांनी दिसायला भारी म्हणून २१ इंची घेतलेत, त्यात पुढे २६५/३५ आणि मागे ३०५/३०. माझं हात जोडून सांगणं आहे, तुमच्या गाडीला २१ असतील तर १९ चा सेट शोधा. ३०-३५ प्रोफाइलला (एवढ्या पातळ टायरला) खड्डा लागला की टायर आणि रिम दोन्ही जातात, माझा कराडजवळ असाच टायर फुटला, साइडवॉल चिरली होती. स्टेपनी नसते, सीलंटची बाटली आणि कंप्रेसर असतो आणि चिरलेल्या साइडवॉलला बाटली काही करत नाही, फ्लॅटबेड बोलवावा लागला आणि बायको-मुलं रात्री हायवेच्या कडेला हॉटेलात बसून राहिली. पुढचे मागचे साइज वेगळे, त्यामुळे अदलाबदलही करता येत नाही. चारचा सेट लाखाच्या वर जातो आणि आपल्याकडच्या दुकानात लगेच मिळेल असं नाही, मी दोन टायर घरात आणून ठेवलेत.

चार्जिंग. हायवेला बहुतेक ३० नाहीतर ६० किलोवॅट, १२० च्या वरचे मोजके. ६० वाला असला तरी त्याला दोन गन (चार्जिंगचे प्लग) असतात आणि दुसऱ्याने लावली की निम्मं निम्मं होतं. एका ठिकाणी तर अ‍ॅपवर हिरवा दाखवत होता आणि जाऊन बघतो तर गन केबलसकट गुंडाळून ठेवलेली, वॉचमन म्हणाला बंद आहे. तेव्हापासून मी फोन करूनच जातो आणि पुढच्या चार्जरपर्यंत पोचेल एवढं बॅटरीत राखूनच. डीसीचं सॉकेट एकाच बाजूच्या मडगार्डवर असतं आणि केबल आखूड, तेव्हा गाडी कशी लावायची ते आधी बघा.

तुमचा गोवा हिशेब: पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर, ५० युनिट जातात, इथे पोचाल तेव्हा ४० टक्के असेल. ६० किलोवॅटला तासभर लावून तांबडा-पांढरा जेवून घ्या, पुढे पणजी आरामात होते. खऱ्या अर्थाने अडचण अशी काही नाही, थांबा ठरवूनच निघायचं.

नाशिक_डिझेल

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. घरात ही एकच गाडी असणार असेल तर मी नको म्हणेन. आई-बाबा सत्तरीचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. सीट एवढी खाली आहे की गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसणं जमतं पण बाहेर येणं हाल असतात. माझ्या वडिलांना मित्राच्या टायकॅनमधून दोघांनी हात देऊन काढलं होतं. तुम्हाला गाडी आवडली यात काही चूक नाही पण म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक वेळी हात मागायला लावू नये. दुसरी उंच गाडी दारात असेल तर मात्र बिनधास्त घ्या.

दुसरं, पुढे विकताना. इंग्लंड-अमेरिकेत टायकॅनची किंमत तीन वर्षांत निम्म्यावर आल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. फेब्रुवारी २०२४ ला नवीन आली, १०५ किलोवॅट-अवरची (म्हणजे युनिटची) बॅटरी, ३२० किलोवॅट चार्जिंग, त्याने जुनीची किंमत अजून उतरली. त्यामुळे तुम्हाला स्वस्त मिळतेय हे खरं, पण अजून उतरणार हेही धरून चला.

भोसरी_टर्निंग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. नाशिकच्या दादांचं वाचून काल आई-बाबांना घेऊन गेलो गाडी बघायला. बाबा बसले आणि हँडलला धरून उठलेही, मागे पायासाठी बॅटरीत खोलगट जागा दिलीय त्यामुळे गुडघे वर येत नाहीत म्हणाले. आईला मात्र जमलं नाही. घरात इनोव्हा आहे ती विकायची म्हणत होतो, आता ती राहील, आईचा प्रवास त्यातच. सेक्रेटरींशी बोललोय, थ्री फेजला अडचण नाही, केबल ४० मीटर लागेल. चाकं २१ इंची निघाली.

आता शेवटचं, व्यवहाराआधी काय काय तपासू?

घोडबंदरकर

आईचा विचार केलात हे फार बरं केलं.

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढा, विकणाऱ्याच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट चालत नाही. तिथेच चासी नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) तपासून घ्या. २०२४ ला पुढच्या ब्रेक होजसाठी (ब्रेक ऑइलच्या नळ्या) जगभरातल्या टायकॅनचं रिकॉल झालं होतं, आणि काही गाड्यांच्या बॅटरी मॉड्यूलमध्ये शॉर्टसर्किटच्या शक्यतेसाठी वेगळं. काम झालं असल्याचा कागद घ्या, झालं नसेल तर आधी करून घ्या मग पैसे द्या. लिफ्टवर चढवून बॅटरीखालची प्लेट स्वतः टॉर्च लावून बघा, ओरखडे चालतील, दबलेला खळगा किंवा वाकलेला बोल्ट दिसला तर थांबा. एअर सस्पेन्शनवर रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपरे सारखे आहेत का बघा. टायरवर पोर्शेचं एन मार्किंग (कंपनीने मान्य केलेल्या टायरची खूण) आहे का आणि बनवल्याची तारीख काय ते बघा. डीसी चार्जरवर एकदा लावून किती किलोवॅट घेते ते पण बघून या.

इन्शुरन्स स्वतः वेगळा मागवा, झीरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) आणि बॅटरीचं संरक्षण दोन्ही असू दे, पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर पाणी किती तुंबतं ते तुम्हाला सांगायला नको. रोजच्या वापराला ८० टक्क्यांची लिमिट लावून ठेवा, लांब जायच्या आदल्या रात्रीच १००.

आणि २१ इंची चाकांचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा, १९ चा सेट त्यातच बसवा.

करवीर_ईव्ही

+१, आणि १९ चा सेट घेताना टायर प्रेशर सेन्सरसकट घ्या, नाहीतर डॅशबोर्डवर वॉर्निंग जाणार नाही. कोल्हापूरला येताना मेसेज करा, माझ्याकडे घरी ११ किलोवॅटचा चार्जर आहे, जेवण होईपर्यंत लावून ठेवू.