मदत हवी आहे : मोडी लिपीच्या ऑनलाइन वर्गात चित्रे, चित्रफिती आणि संगीत कसे वापरावे?

नमस्कार.

मी काही वर्षांपासून मोडी लिपीचे वर्ग घेतो. पूर्वी फळ्यावर शिकवीत असे; आता परगावचे आणि परदेशांतले मराठी विद्यार्थी वाढल्यामुळे आठ आठवड्यांचा ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम तयार केला आहे. पहिली तुकडी नुकतीच संपली आणि मी काहीसा खजील झालो. बाराखडी सर्वांना पाठ झाली होती, परंतु पेशवेकालीन पत्राची पहिलीच ओळ समोर ठेवली तेव्हा बहुतेक जण अडखळले. दोष विद्यार्थ्यांचा नसून मी निवडलेल्या माध्यमांचा असावा, असे मला वाटते.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा आखतात आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात, आणि काना किंवा वेलांटी लागली की कित्येक अक्षरांचे रूपच पालटते. म्हणजे अक्षराचे वळण हाताच्या गतीतून घडते. मी मात्र आजवर तयार अक्षराचे स्थिर चित्र दाखवीत आलो. विद्यार्थी ते चिन्ह म्हणून पाठ करतो आणि तेच अक्षर शेजारच्या अक्षरात मिसळून आले की त्याला ओळखू येत नाही. यावर उपाय म्हणून बोरूने लिहितानाची चित्रफीत वरून घेतली, तर नेमके वळण घेण्याच्या क्षणी माझीच बोटे अक्षर झाकतात. हात आडवा न येता अक्षर घडताना कसे दाखवावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

दुसरी अडचण मूळ कागदपत्रांची. पूर्ण पान मोबाइलच्या पडद्यावर वाचता येत नाही, आणि गटावर पाठवलेले चित्र आपोआप आकुंचन पावून बारीक वळणे पुसट होतात. एकेक ओळ कापून द्यावी, तर पत्राचा मायना कोठे आणि तारीख कोठे, हे पानाचे भान सुटते.

संगीताबाबत मी चूक केली, हे आता कबूल करतो. निवेदन रुक्ष वाटू नये म्हणून मागे सतार लावली होती. रिचर्ड मेयर आणि रॉक्साना मोरेनो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आकाशात वीज कशी तयार होते हे समजावणाऱ्या निवेदनामागे संगीत घातल्यावर विद्यार्थ्यांच्या लक्षात कमी राहिले, असे आढळले होते. हे वाचल्यावर सतार काढली. तरीही पाठाच्या आरंभी आठ-दहा सेकंद संगीत ठेवण्यास हरकत आहे काय?

प्रतिसाद

आपण उजव्या हाताने लिहीत असाल, तर कॅमेरा डोक्यावर न ठेवता समोर, आपल्या डाव्या बाजूला तिरका लावावा आणि नंतर चित्र उलटे फिरवून सरळ करावे. बोरूचे टोक आणि त्याच्या डावीकडचा मजकूर मोकळा दिसतो. एका अक्षराची चित्रफीत पंधरा-वीस सेकंदांचीच ठेवावी. प्रथम बोलू नये, नुसते लिहावे, आणि दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने दाखवताना बोलावे. तिसऱ्यांदा तेच अक्षर दोन वेगळ्या शब्दांत लिहून दाखवावे, कारण आपले विद्यार्थी अडले ते तेथेच. यासाठी जिफ वापरू नये. त्यात २५६ च रंग मिळतात आणि फाइलही एमपीफोरपेक्षा बहुधा मोठी होते.

पानाचे छोटे चित्र कोपऱ्यात ठेवून त्यावर चौकट आखावी आणि चौकटीतली ओळ मोठी करून दाखवावी. आपण स्वतः काढलेली रेखाक्षरे पीएनजीमध्ये द्यावीत, कारण जेपेगमध्ये शाईच्या कडांभोवती धूसरपणा येतो. मूळ पाने गटावर चित्र म्हणून न टाकता दस्तऐवज म्हणून पाठवावीत, म्हणजे ती आकसत नाहीत.

आरंभीच्या संगीतास माझी हरकत नाही, मात्र ते निवेदनापूर्वी पूर्ण थांबावे. जुनी ध्वनिमुद्रिका घेणार असाल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, हे पाहावे. आपला अभ्यासक्रम परदेशांतही जातो, तेथील मुदती निराळ्या. त्यापेक्षा ओळखीच्या वादकाकडून लेखी परवानगीसह वाजवून घेणे सोपे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आज ‘क’ची बाराखडी समोरून चित्रित करून पाहिली, बोटे आड आली नाहीत, परंतु बोरूची सावली अक्षरावर पडते. दिवा कोणत्या बाजूस ठेवावा?