प्लगइन आणि मागच्या दाराने येणारी क्वेरी
सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनची, म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडता येणाऱ्या भागांची, सोय आधीच करून ठेवली की नवा भाग जोडताना डिझाइन बिघडत नाही, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. गडबड शिरते ती डेटाबेसमधून. आमच्याकडे रिपोर्टचं मॉड्यूल (प्रोग्रामचा स्वतंत्र भाग) रीतसर प्लगइन म्हणून आलं, पण आतून ऑर्डरच्या टेबलमधला स्टेटस थेट वाचत होतं. '४ म्हणजे रद्द' हे त्याच्याही कोडमध्ये लिहिलेलं. पुढे 'अंशतः रद्द' असा वेगळा स्टेटस आला आणि रिपोर्टमधले आकडे गुपचूप चुकायला लागले. एरर वगैरे काही नाही!

प्रोग्रामची मॉड्यूलमध्ये विभागणी करताना कामाचे टप्पे बघू नका, बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत दडवा, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलंय. त्यामुळे कोड रिव्ह्यूला बसलो की इंटरफेस (मॉड्यूलनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) नंतर, आधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञा, कुणाच्या टेबलांवर जातायत ते बघतो.