बांधाबाहेर कांदळ लावायचे आहेत, शेंगा कुठून आणाव्यात?

दिवाडीकर:
आमच्या खाजनाचा, म्हणजे नदीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीचा, बांध नदीच्या बाजूने दरवर्षी खचतो. यंदा पावसाळ्यात बाहेरच्या चिखलात कांदळ (खाऱ्या चिखलात वाढणारं खारफुटीचं झाड) लावायचं गावात ठरलंय. फेरीधक्क्याजवळ एक जुनं झाड शेंगांनी, म्हणजे झाडावरच रुजून लोंबणाऱ्या रोपांनी, लगडलंय, सगळ्या शेंगा त्याच्याच काढल्या तर चालेल? एक नातेवाईक म्हणतात, तमिळनाडूतून रोपं मागवा, तिथली जोमदार असतात.

खाजनातली:
एकाच झाडाच्या नकोत, कळकळीने सांगते. कांदळाचे पराग मुख्यतः वारा नेतो, पण झाड स्वतःच्या परागानेही फळतं. म्हणजे तुमची अख्खी रांग एकाच आईची आणि त्यातली बरीचशी बापही तोच असलेली. फ्लोरिडा-कॅरिबियनकडच्या लाल कांदळात याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. काही झाडांवर हिरव्या शेंगांच्या मधेच पिवळ्या-तांबूस शेंगा लटकतात. त्यांत हरितद्रव्यच नसतं. साठवलेलं अन्न संपलं की त्या मरतात. एरवी दबून राहिलेला दोष स्वपरागणाने असा वर येतो.

शेजारशेजारची पाच झाडं घेऊनही भागत नाही. बऱ्याच शेंगा आईच्या बुडाशीच रुजतात, त्यामुळे शेजारी बहुधा नातलगच. काठाने चालत जा, शंभरेक पावलं सोडून एक झाड निवडा, अशी पंधरा-वीस तरी घ्या. प्रत्येकाच्या थोड्या शेंगा काढा आणि लावताना सगळ्या मिसळा.

तमिळनाडूचा विचार सोडा. आपल्या गोव्यातल्या मांडवी नदीचं पाणी पावसात जवळजवळ गोडं होतं आणि एप्रिल-मेमध्ये खारं पाणी नदीत कुंभारजुवे गावाच्याही वर चढतं. पिढ्यानपिढ्या हे सोसलेली झाडं तुमच्या दारात आहेत. झुआरीकडच्या शेंगा मात्र चालतील. कुंभारजुवे कालव्याने दोन्ही नद्या जोडलेल्याच आहेत, शेंगा भरती-सुकतीबरोबर इकडून तिकडे जातात.

चोडणच्या सलीम अली अभयारण्यातून वनखात्याला विचारल्याशिवाय एकही शेंग काढू नका.

चोडणचा:
नुसते कांदळच का? थोडी तिवर, चिप्पी ही खारफुटीची दुसरी झाडं पण घाला. चिप्पीलाही हाच नियम का?

खाजनातली:
हो, पण चिप्पीचं थोडं बरं असतं. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं आणि मोठे पतंग येतात, ते पराग लांबून आणतात. तरी फळं अनेक झाडांचीच घ्या. आणि मिश्र लावा हे अगदी खरं, एक कीड आली तर सगळी रांग एकदम जात नाही.

दिवाडीकर:
रोपवाटिकेतली पिशव्यांतली रोपं घेतली तर?

खाजनातली:
घ्या, पण बी कुठल्या नदीवरचं आणि किती झाडांचं हे आधी विचारा. सांगता आलं नाही, तर आपल्याच काठावरच्या शेंगा थेट चिखलात खोचा, तिसरा हिस्सा आत. कांदळाला पिशवी लागतेच असं नाही. रांग फक्त बांधाच्या बाहेर धरा. बांधावर किंवा मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) रुजलेलं रोप लहान असतानाच उपटा, मुळं आत शिरली की बांध फुटतो.