मदत हवी आहे: मागून येणारा ट्रॉलर आमच्याच अंगावर का वळला? होडीचे दिवे चुकीचे बसलेत का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात नोकरीला, पण घर देवगडचं. बाबा आणि धाकटा भाऊ अजून मासेमारी करतात. आमची २८ फुटी फायबर होडी आहे, मागे एक आउटबोर्ड मशीन. बांगड्याची जाळी सोडतात, संध्याकाळी जातात आणि पहाटे परत येतात.

मागच्या महिन्यात अवसेच्या आसपास पहाटे चारच्या सुमाराला ते बंदराकडे परतत होते. समुद्र शांत होता, धुकं अजिबात नव्हतं, दीपगृहाचा उजेड स्पष्ट दिसत होता. मागून एक मोठा ट्रॉलर येत होता, तोही बंदराकडेच. जवळ आल्यावर तो एकदम उजवीकडे वळला. भावाला ते नीट कळलं नाही, त्याला वाटलं, हा डावीकडून पुढे जाणार, म्हणून त्यानेही वाट द्यायला होडी उजवीकडे घेतली. ट्रॉलर अजून उजवीकडे! शेवटी बाबांनी त्याच्या केबिनवर टॉर्च मारला, तेव्हा त्याने मशीन रिव्हर्सला टाकलं. मध्ये जेमतेम दोन होड्यांचं अंतर राहिलं होतं. लाटेने अर्धी होडी पाण्याने भरली. भाऊ अजून त्या रात्रीबद्दल नीट बोलत नाही.

ट्रॉलरवाल्याचं म्हणणं, "तुमचे दिवे बघूनच वळलो." आणि दिवे तर आम्ही याच हंगामात नवे बसवलेत. लाल-हिरवा एकत्र असलेला एलईडी दिवा आणि त्याच्या वर सगळीकडून दिसणारा पांढरा. दोन्ही मागे मशीनजवळच्या काठीवर आहेत, कारण बॅटरी तिथेच आहे. बाबा म्हणतात, "आमी कंदिलार वर्सां काढली, असा कधी झाला नाय."

आता होडी परत समुद्रात जायच्या आधी मला हे निस्तरायचंय. आमच्या मापाच्या होडीला नेमके कुठले दिवे लागतात आणि कुठे? आणि तो वळला कशाला?

प्रतिसाद, खलाशी_७२:
एकच विचारतो. लाल-हिरव्या दिव्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

धागाकर्ता:
भावाला आत्ताच फोन केला. तोंड मागे आहे. बसवणारा म्हणाला होता, मागून येणाऱ्या मोठ्या बोटींना दिसायला हवा.

प्रतिसाद, खलाशी_७२:
मग उत्तर सापडलं. मी २२ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या. प्रत्येक दिवा समोरून सुरू होऊन आपापल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसायला हवा. म्हणजे मागून बघणाऱ्याला हे रंग दिसताच कामा नयेत, त्याला फक्त पांढरा दिसला पाहिजे. ज्याला लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसतात, तो समजतो की समोरची बोट सरळ माझ्यावर येतेय.

तुमच्या ट्रॉलरला मागून नेमकं हेच दिसलं: वर पांढरा, खाली लाल-हिरवा. समोरासमोर आलं की दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा नियम. दोन बोटी खरंच समोरासमोर असत्या तर त्याने लांब गेल्या असत्या. पण तुम्ही दोघे एकाच दिशेने जात होतात. दोघेही उजवीकडे वळलात, म्हणून तो तुमच्या अंगावर आला. तो नियमानेच वागला हो, आणि भाऊही घाबरून चुकला असं मी म्हणणार नाही. फक्त एक लक्षात ठेवायला सांगा: मागून येणाऱ्याने वाट काढायची असते, पुढच्याने आपली दिशा आणि वेग सोडायचा नाही.

आता बदल. लाल-हिरवा दिवा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बरोबर मध्यावर, तोंड सरळ पुढे. वायर लांब ओढावी लागली तरी चालेल. पांढरा मागच्या काठीवरच राहू दे, पण लाल-हिरव्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा. त्याच्या खाली एक गोल पत्रा लावा, नाहीतर सुकाणूवाल्याच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि त्याला पुढचं काही दिसत नाही. १२ मीटरपेक्षा लहान होडीला एवढं पुरतं. रंगीत दिवा एक सागरी मैलावरून आणि पांढरा दोन मैलांवरून दिसला पाहिजे. फक्त पांढऱ्यावर भागवायची सवलत सात मीटरच्या आतल्या आणि सात नॉटच्या (ताशी सात सागरी मैलांच्या) आत चालणाऱ्या होडीला आहे. तुमची साडेआठ मीटरची, म्हणजे ती लागू नाही.

जाळी सोडून थांबलात की लाल-हिरवा बंद, आणि काठीवर वर लाल, खाली पांढरा, दोन्ही सगळीकडून दिसणारे. (ट्रॉलिंगवाल्यांचं, म्हणजे जाळं मागे ओढत चालणाऱ्यांचं, वर हिरवा, खाली पांढरा.) जाळं १५० मीटरच्या पुढे गेलं असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा.

प्रतिसाद, किनारपट्टी:
एक भर घालते. आमच्याकडे बऱ्याच होड्यांवर शोभेच्या निळ्या-लाल पट्ट्या लावतात. त्या रात्री बंदच ठेवा, खरे दिवे त्यात हरवतात. वायरचे जोड खाऱ्या हवेने महिन्याभरात हिरवे पडतात, त्यांना ग्रीस लावा. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू दे.

धागाकर्ता:
तुम्हा दोघांचे मनापासून आभार. शनिवारी मी घरी गेलो आणि दिवा पुढे घेतला. पत्रा म्हणून डब्याचं झाकण कापून लावलं. अंधार पडल्यावर भावाने होडी खाडीत नांगरून ठेवली आणि बाबा शेजाऱ्यांच्या होडीतून तिच्याभोवती फिरले. समोरून ओरडले, "दोनय दिसतत." डाव्या अंगाला "तांबडो", उजव्या अंगाला "हिरवो". मागे गेल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हयसून पांढरोच."

आता फक्त लाल-पांढऱ्या जोडीचं राहिलंय. त्यातला खालचा दिवा होडीच्या काठापासून दोन मीटर वर हवा असं वाचलं, पण एवढी उंच काठी जाळी ओढताना आडवी येते. उघड्या होडीवर काढता-घालता येणारी काठी कोणी बसवलीय का? खालचा भाग कशात अडकवलात, तेवढं सांगा.