मदत हवी आहे: होडी शाकारण्याआधी इंजिनाच्या फळीतली ओल

मालवण किनाऱ्यावर २२ फुटी फायबरची होडी, ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवायचं इंजिन). १ जूनच्या पावसाळी मासेमारी बंदीआधी वर ओढून ओंडक्यांवर घेतलीय, नाळ (पुढचं टोक) थोडी उंच, तळाचं बूच काढलेलं. इंजिन ड्रममध्ये गोड्या पाण्यावर चालवून धुतलं, कार्ब्युरेटर रिकामा केला, गिअर ऑइल बदललं. ते घरात उभं टांगलंय, त्याची काळजी नाही.

अडचण मागच्या फळीची, जिच्यावर इंजिन बसतं. इंजिनाचे बोल्ट काढल्यावर भोकांतून तपकिरी पाणी झिरपलं. ठोकून बघितलं तर वर टणटणीत, खाली बद्द आवाज. म्हणजे फायबरच्या आतलं प्लायवूड भिजलंय. भोकं उघडी ठेवून उन्हात सुकवतोय, तरी ओल येतेच. ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही, आणि तसंच बंद केलं तर आत कुजणार.

बंद शेड नाही. झावळ्या आणि ताडपत्रीने शाकारणार, वाऱ्यासाठी बाजू उघड्या ठेवून, पण पावसात हवाच दमट. नारळी पौर्णिमेनंतर लगेच मासेमारीला जायचंय.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा: आतल्या बाजूचं फायबर आताच कापून भिजकं प्लायवूड काढू आणि फळी पावसाळाभर उघडी ठेवू, की भोकं तात्पुरती बुजवून सगळं काम पाऊस ओसरल्यावर करू?